कासवाच्या पाठीवरची दुसरी खूण

मिस्त्री चुना चाखून बघत. बैलाच्या घाण्यावर दळून निघालेला ओला चुना करंगळीच्या टोकावर घ्यायचे, जिभेला नुसता लावायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि निकाल द्यायचे, "गूळ कमी हाये." किंवा, "आज बैल पळवला कोणीतरी. दळण जाड आलं." बैल हाकणारा मान खाली घालायचा, म्हणजे निकाल बरोबर असायचा.

मी कामावर रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी, आपणही काही कमी नाही हे दाखवण्यासाठी, तर्जनी भरून चुना घेतला आणि तोंडात घातला. चाखायला जिभेचं टोक पुरतं, मी सगळी जीभ दिली. पुढचे तीन दिवस मी ताकावर काढले आणि मजुरांना हुकूम हाताच्या खुणांनी दिले. चौथ्या दिवशी बोलता यायला लागलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "सायब, हे तीन दिवस काम लय चांगलं झालं."

मी तेव्हा नवा कोरा ओव्हरसिअर होतो. मूळचा वाशीमचाच, पण नागपूरला तीन वर्षं शिकून आल्यावर माझी भाषाही शर्टासारखी खोचलेली झाली होती. डोक्यावर सोला टोपी, पायात नवे बूट, खिशात फूटपट्टी. माझ्याकडे काम होतं जऊळक्याच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, एका नाल्यावर मोरी बांधण्याचं. मिस्त्री माझ्या हाताखाली होते. म्हणजे कागदावर.

त्यांचं वय त्यांनाही ठाऊक नव्हतं. अंगात बंडी, कमरेला धोतर, आणि खांद्यावर एक लाल फडकं. त्या फडक्यात त्यांचा ओळंबा, भिंत उभी सरळ आहे का ते बघायचा दोऱ्याचा लोलक, गुंडाळलेला असायचा. पितळेचा, बारका, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. ओळंबा सोडला की तो हलायचा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. बोलण्यानं ओळंब्याला काय होतं, असं मी शास्त्रीय दृष्टीनं विचारलं होतं. ते म्हणाले, "ओयंब्याले काई होत नाई. माणसाले होते. तो थांबायच्या आंदीच माणूस बोलून टाकते, मंग त्याले तेच खरं वाट्टे."

दुसरी सवय अशी की न तपासलेल्या दगडाखाली ते कधी बसत नसत. धर्मशाळा असो, चावडी असो, आधी खांबावर बोटाच्या पेरानं तीनदा टकटक करायचे, कान लावायचे, वर बघायचे, आणि पसंत पडलं नाही तर बाहेर उन्हात बसून भाकर खायचे. माझ्या डेऱ्यात आले तेव्हा त्यांनी तंबूच्या बांबूवरही टकटक केली. आणि बाहेर जाऊन बसले.

मोरीपासून दोन शेतं ओलांडली की गावाबाहेर महादेवाचं जुनं देऊळ होतं. काळ्या दगडाचं, ठेंगणं. शिखर कधीच पडून गेलेलं, पण मंडप शाबूत. चुन्याचा कणही कुठे नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला. चुना चाखून आयुष्य काढलेला हा माणूस त्या देवळापुढे मात्र वेगळंच बोलायचा. "चुना म्हंजे वकील, सायब. दोन दगडाचं आपसात पटत नसलं का तो लागते. इथं पटून राह्यलं. वकिलाले काम नाई."

मंडपाच्या छतात दगडी कमळ होतं. कड्यावर कडं, प्रत्येक कडं खालच्यापेक्षा आत सरकलेलं, आणि मधोमध एक कळी खाली लोंबणारी. कळीच्या बरोबर खाली, फरशीत, दगडी कासव. कासवाच्या पाठीवर एक चिमुकली खळी, ज्वारीचा दाणा बसेल एवढी.

पहिल्यांदा देवळात गेलो तेव्हा कमळ नीट दिसावं म्हणून मी त्या कासवावरच उभा राहिलो. गुरवीणबाई, म्हणजे देवळाची पूजाअर्चा बघणारी विधवा बाई, दारातून ओरडली, "अवो टोपीवाले! पाय काढा ना तिथून. का आता तुमालेच बेल वाहू?" मिस्त्रींनी माझं मनगट धरून मला खाली घेतलं. शिव्या दिल्या नाहीत. कासवाची पाठ फडक्यानं पुसली फक्त.

त्या गावात एक रीत होती. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी गुरवीणबाई कच्च्या सुताला सुपारी बांधायची, एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर चढून ते सूत कळीच्या भोकात अडकवायचा, आणि सगळा गाव सुपारी थांबायची वाट बघत उभा राहायचा. सुपारी कासवाच्या खळीवर थांबली की बाई म्हणायची, "देव जागेवर हाये," आणि जत्रा आत भरायची. थांबली नाही तर जत्रा बाहेर आंब्याखाली. अशी वेळ कधी आलेली कुणाला आठवत नव्हती.

मी हसलो. म्हणालो, "देव जागेवर आहे की नाही, हे सुपारीला कसं कळतं?"

"देव कुठं जाते?" मिस्त्री म्हणाले. "दगड जाते. हे कासव देवासाठी नाई बसवलं सायब, मागून येणाऱ्या मिस्त्र्यासाठी बसवलं. पण मिस्त्र्यासाठी म्हटलं असतं तं दोन पिढ्यांत लोक इसरले असते. देवाचं म्हटलं म्हून आजपावतर सुपारी बांधून राह्यले."

हे मला तेव्हा समजलं होतं. माझ्या गाढवपणाला अज्ञानाची सबब नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता खरी गोष्ट. मोरीला दगड लागणार होता. खाण सहा मैल लांब, मध्ये गाड्यांना रस्ता नाही. अकोल्याचे मोठे साहेब मला म्हणाले होते की, ते देऊळ धोकादायक असेल तर तसा रिपोर्ट द्या, उतरवू आणि दगड मोरीला वापरू. धडधाकट असेल तर हात लावू नका, खाणीतून आणा. म्हणजे देऊळ राहणार की मोरीत जाणार हे माझ्या एका कागदावर होतं. आणि मला मोरी पावसाच्या आत उठवून शाबासकी घ्यायची होती.

मी अर्धा तास देवळाची पाहणी केली. पूर्वेकडच्या तुळईला केसाएवढी चीर दिसली. वर चढलो तर छपरावर कडेकडेनं साधे, बिननक्षीचे, ओबडधोबड मोठाले दगड मांडून ठेवलेले. मला वाटलं, बांधकाम करून उरलेला माल कुणीतरी वरच टाकून दिला. डोक्यावर इतकं ओझं, म्हणून तुळई तडकली! मी डेऱ्यात येऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं, इमारत धोकादायक, छतावर निरर्थक भार. 'निरर्थक' या शब्दाखाली रेघ ओढली. ती रेघ मला अजून दिसते.

साहेबांचं उत्तर आलं की, पंधरा दिवसांनी स्वतः येऊन बघतो, मग ठरवू.

मिस्त्रींनी मला विचारलं, "काय लिवलं?"

मी सांगितलं. त्यांनी फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, "माह्या बापानं मले इथंच ओयंबा सोडायले शिकवलं. सायब येईस्तोवर हात नोका लावू. मी पोरीकडे जाऊन येतो." त्यांची मुलगी आसेगावला दिली होती, ती आजारी होती. आठ दिवसांसाठी ते गेले.

आठ दिवस मी मोकळा होतो, आणि मोकळेपणात मला एक कल्पना सुचली. छपरावरचे ते दगड देवळाचा भाग नाहीतच. ते काढले तर भार कमी होईल, साहेब येईपर्यंत देऊळ सुखरूप राहील, आणि माझ्या मोरीच्या कोपऱ्याला आयते चौकोनी दगड मिळतील. देवाचंही भलं आणि माझंही. मी चौदा माणसं लावून पूर्वेकडचे सात दगड उतरवले. त्यांतला एक त्याच दिवशी मोरीच्या कोपऱ्यात चुन्यात बसवून टाकला. कोपरा इतका झकास जमला की मी लांबून, जवळून, दोन्हीकडून बघितला.

गुरवीणबाई कमरेवर हात ठेवून सगळं बघत होती. "सायब, घरच्याहिले इचारलं का?"

"कोणत्या घरच्यांना?"

"मिस्त्रीले."

मी म्हणालो, "बाई, मी ओव्हरसिअर आहे."

"ते दिसून राह्यलं," बाई म्हणाली.

मिस्त्री परत आले ते सरळ देवळाकडे गेले. मी मागोमाग, त्यांना माझी युक्ती सांगायला. त्यांनी वर पाहिलं. फडकं सोडलं. बांबूच्या टोकानं कळीच्या भोकातून दोरा ओवून ओळंबा सोडला. मी तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला. आम्ही उभे राहिलो. ओळंबा हलत हलत थांबला.

खळीपासून दोन बोटं पश्चिमेला.

वर तुळईची चीर केसाएवढी राहिली नव्हती, तिच्यात फूटपट्टीची कड गेली असती. मी घालून बघितली नाही.

मिस्त्री फरशीवर बसले नाहीत. बाहेर ओट्यावर जाऊन बसले, लोटाभर पाणी प्यायले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी माझी फूटपट्टी मागितली. ती ओट्याच्या कडेवर अशी ठेवली की निम्मी बाहेर. मागच्या टोकावर पाण्याचा लोटा ठेवला. पुढच्या टोकाला माझ्या डोक्यावरची टोपी काढून अडकवली. पट्टी हलली नाही.

"मागचा लोटा निरर्थक हाये ना? उचला."

उचलला. टोपी मजुरांनी ओट्याखाली ठेवलेल्या चुन्याच्या टोपल्यात गेली.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "वरातीत नाचणारे दिसते, सायब. घर राखणारे दिसत नाई. घर राखणारा मागं हाये म्हून हे इथं येऊन नाचून राह्यले. हे कमळ पायलं ना तुमी? पुढं आलेल्या टोकाले एवढी खोल नक्षी काहून हाये? शोभेले? शोभा तं आलीच. पण नक्षी म्हंजे काढून टाकलेलं वजन. जिथं भार नको तिथं पाकळ्या कोरल्या, जिथं भार पायजे तिथं दगड तसाच ठेवला. तुमी जे कोरलं नाई ते कामाचं नाई समजले."

मला शाळेत हे शिकवलं होतं. आकृतीसकट. आकृतीत त्या दगडाला नाव होतं, तो ओबडधोबड नव्हता, म्हणून ओळखला नाही.

साहेब यायला चार दिवस होते. दगड परत चढवायचे, तर कुठला कुठे होता हे मी लिहून ठेवलेलं नव्हतं. माझ्या लेखी सात दगड म्हणजे सात दगड. मिस्त्री प्रत्येकाभोवती फिरले. ज्या बाजूला शेवाळ वाळून काळं झालं होतं ती आभाळाकडची, जी गुळगुळीत ती खालची, एकाच्या कुशीला पिंपळाच्या मुळाचा वळ होता तो कोपऱ्यातला. दीड दिवसात सहाही दगडांना जागा मिळाली. बल्ल्यांचा उतार केला, दोर लावले आणि चौदा माणसं तेच दगड, मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत, परत वर घेऊन गेली.

सातवा मोरीत होता. मी म्हणालो, "फोडून काढू."

"बसलेला दगड उठवू नये. तो आता तिथं कामाले लागला."

"मग इथं काय ठेवायचं?"

मिस्त्री डेऱ्यामागे गेले. तिथे मी रस्त्यासाठी घडवून घेतलेला मैलाचा दगड पडला होता. त्यावरची अक्षरं मी स्वतः रेखून दिली होती, 'जऊळका ४ मैल', जिल्ह्यात असं अक्षर नाही असं मला वाटायचं. त्यांनी पहारीनं त्याचं एक टोक उचलून बघितलं, सोडलं, मान हलवली. "वजनाले बरोबर हाये."

तो दगड वर गेला. अक्षरं खालच्या बाजूला. आजही तो तिथंच आहे. पुढे कधी कुणा पंडितानं ते छत उलगडलं तर प्राचीन काळी या देवळापासून जऊळका चार मैल होतं हे त्याला निश्चित कळेल. प्रत्यक्षात पावणेतीन आहे.

मिस्त्रींनी पुन्हा ओळंबा सोडला. या वेळी मी आपणहून गप्प होतो. थांबला तो खळीपासून एक बोट.

"एक बोट आलं," ते म्हणाले. "एक राह्यलं. ते आता येत नाई."

साहेब आले ते भर दुपारी, घोड्यावर. गाव जमला होता, कारण देवळाचं आज ठरणार हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब कमी बोलत. माझा रिपोर्ट हातात धरून आत गेले, तुळईखाली उभे राहिले, म्हणाले, "ही चीर ताजी आहे. कडा बघा, पांढऱ्या. देऊळ अजून सरकतंय. तुमचं बरोबर आहे."

माझं बरोबर होतं! इतकं बरोबर मी नोकरीत पुन्हा कधी ठरलो नाही. नुसती मान हलवली असती तर आठ दिवसांत दगड मोरीवर आले असते, आणि जाब कुणालाच द्यावा लागला नसता. मी मिस्त्रींकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी कळीखाली, कासवाच्या बाजूला, आपलं लाल फडकं अंथरलं, मांडी घातली, भाकर काढली, कांदा मुठीनं फोडला आणि जेवायला सुरुवात केली. उन्हात बसून भाकर खाणारा तो माणूस त्या चिरेखाली बसला होता.

साहेबांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

गुरवीणबाई दारातून म्हणाली, "मिस्त्री सही करून राह्यले, सायब. त्याहिले लिवता येत नाई."

मग मात्र मला बोलावं लागलं. म्हणालो, "चीर माझी आहे. मी वरचे दगड उतरवले, तेव्हा ती वाढली. आता परत ठेवले आहेत. आधी केसाएवढी होती."

"रिपोर्टात तर निरर्थक भार लिहिलंय. खाली रेघ पण आहे."

"ती रेघ चुकली, साहेब."

"नुसती रेघ?"

"सगळंच."

साहेबांनी रिपोर्ट माझ्यापुढे धरला. "इथंच लिहा. सहीनिशी." मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. अक्षर सुवाच्य आलं नाही. साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "देऊळ टिकेल अशी खात्री आहे तुमची?"

"आहे."

"मग बसा त्याच्या शेजारी."

मी बसलो. मिस्त्रींनी न बघता अर्धी भाकर आणि ठेचा माझ्याकडे सरकवला. तो ठेचा मी वर बघत बघत खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्यामुळे, असं मी लोकांना सांगितलं. साहेब शेवटचा घास होईपर्यंत उभे होते. नंतर म्हणाले, "खाणीतून दगड आणा," आणि घोड्यावर बसले.

पावसाच्या आत मोरी झाली नाही. माझ्या नोकरीच्या कागदावर दोन ओळींचा शेरा आला आणि दिवाळीनंतर माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी देवळातून टाकीचे ठोके ऐकू आले. जाऊन बघतो तर मिस्त्री कासवापुढे वाकलेले. पहिल्या खळीपासून एक बोटावर ते दुसरी खळी कोरत होते.

मी म्हणालो, "जुन्या कामावर टाकी चालवता?"

"मी उद्या नसन. कोणी ओयंबा सोडला आन तो खयीवर नाई आला, तं तो म्हणन देऊळ पडते, उतरवा. त्याले सांगायले कोण येईन? तुमी?" त्यांनी भुकटी फुंकली. "ही खूण ज्याहिनं बांधलं त्याहिची. ही तुमची. हिच्यावरून सरकलं तं मंग पया म्हणा."

माझ्या शिक्षणाबद्दल ते एवढंच बोलले.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्या बाजूनं जात होतो. शिवरात्र जवळ होती, जऊळक्याला उतरलो आणि चालत गेलो. माझी मोरी होती. कोपरा तसाच झकास होता. मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली असं वाटेत एकानं सांगितलं. देवळात गुरवीणबाईची सून सुपारीला सूत बांधत होती. तिनं मला ओळखायचं काही कारण नव्हतं. कासवाच्या पाठीवर दोन्ही खळ्यांत हळदकुंकू भरलेलं होतं.

मी विचारलं, "या दोन कशाच्या?"

"पयली, देव बसला तवाची," ती म्हणाली. "मंग देवानं एकदा कूस बदलली. ही दुसरी त्याची. हिलेच जास्त मान हाये. नवस हिच्यावरच करते लोक." तिनं माझ्याकडे बघितलं. "टोपी काढा ना बाप्पा, आन चिमूटभर वाहा."

मी टोपी काढली. चिमूटभर वाहिलं. सूत कळीत अडकवलं गेलं, सुपारी खाली आली आणि झोके घ्यायला लागली. सगळे उभे होते. झोका लहान लहान होत गेला आणि सुपारी दुसऱ्या खुणेवर येऊन थांबली.

"देव जागेवर हाये," बाई म्हणाली.

सुपारी थांबली होती. आता बोलायला हरकत नव्हती. मी तरी गप्पच राहिलो.